समोरच्याच्या फोरहँडवर

रोज सकाळी उमाकांत कुवर ओट्यावर उकिडवे बसत आणि रॅकेटच्या तारा सरळ करत. आदल्या दिवशीच्या खेळात उभ्या तारा आडव्या तारांवरून सरकलेल्या असत. अंगठ्याच्या नखाने ते एकेक तार तिच्या जागी ढकलत, सगळे चौकोन सारखे होईपर्यंत. घाई नसे आणि आनंदही दिसत नसे. तांदूळ निवडावेत तसं ते काम चाले. आतून आशाकाकूंचा आवाज येई.

"तुम्हनं ते जाळं नीट झायं का? चहा थंडा व्हई ऱ्हायना."

"झायं, झायं," म्हणत ते आणखी दोन तारा सरळ करत आणि थंड चहा एका घोटात पिऊन सायकल काढत.

तळोद्यात आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत ते दोघं भाड्याने राहत. त्यांची मुलगी सुरतेला दिलेली. काका एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. लागले होते शिपाई म्हणून. धडगावकडे जाणाऱ्या जीपगाड्या जिथून सुटतात, त्याच्या थोडं पुढे विश्रामगृह आहे आणि त्याच्या मागे सिमेंटचं एक टेनिस कोर्ट. दक्षिणेकडून आलेल्या कुणा हौशी अधिकाऱ्याने ते बांधून घेतलं होतं. कोर्ट झालं, जाळी लागली, पण समोर उभं राहायला माणूस नव्हता. साहेबांनी तेव्हा दारात उभ्या असलेल्या तरुण शिपायाच्या हातात रॅकेट दिली. पायातल्या रबरी चपला काढून उमाकांत सिमेंटवर अनवाणी उतरला आणि आलेला बॉल परत पाठवू लागला. ते साहेब बदलून गेले. पुढचे आले, तेही गेले. उमाकांत तिथेच राहिला. साहेब कुठलाही असो, त्याच्या रॅकेटपुढे पहाटे एक माणूस लागे आणि तो माणूस ठरलेला होता.

हे काम कसं करायचं ते त्यांना जुने ड्रायव्हर नवलसिंग यांनी शिकवलं होतं. टेनिस नव्हे, हे काम. "सायेबले दमाडू नको आनि हाराडू बी नको," नवलसिंग म्हणत. "कोर्टवर सायेब खूश, तं ऑफिसमा सायेब खूश."

काका ते इतक्या निगुतीने शिकले की त्याची एक कलाच झाली. साहेबाला सहा-शून्यने जिंकू द्यायचं नाही, त्यात साहेबाचा अपमान. चार-चारपर्यंत आणायचं, साहेबाच्या कपाळावर थोडा घाम येऊ द्यायचा आणि मग एक बॉल जाळीत घालून हळहळायचं. एरवी प्रत्येक बॉल समोरच्याच्या फोरहँडवर, कमरेइतक्या उंचीवर, जसा काही ताटात वाढलेला. साहेब तो जोरात मारत आणि काका म्हणत, "काय मारला, सर!" हे सगळं करताना चेहरा प्रयत्न करणाऱ्याचा ठेवावा लागे. ते सगळ्यात दमवणारं होतं, असं ते एकदा माझ्या वडिलांना म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी आशाकाकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी नंदुरबारला न्यावं लागे. पहाटेच्या एसटीने तापीचा पूल ओलांडून जायचं, मशीनवर झोपायचं आणि संध्याकाळी तशाच एसटीने परत यायचं. परतल्यावर काकू स्टँडपासून घरापर्यंत तीन ठिकाणी बसत. तिसऱ्यांदा आमच्या पायरीवर. आई पाणी घेऊन जायची, तर मोजकंच प्यायची परवानगी असल्यामुळे त्या ओठ ओले करून तांब्या परत देत. काकांना आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नंदुरबारला बदली. दवाखान्याच्या जवळ कुठेतरी एक खोली आणि हा रस्ता संपलेला. दुसरं त्यांनी काही मागितलेलं मी ऐकलं नाही. आणि हेही, ज्यांच्याकडे मागायला हवं होतं त्यांच्याकडे त्यांनी मागितलं नव्हतं. आपण रोज समोर उभे असतो, रोज नीट हरतो, तेव्हा एक दिवस साहेबच पाणी पिता पिता विचारतील, "काय उमाकांत, घरी सगळं ठीक?" आणि मग आपण सांगू. असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

नेमक्या त्याच दिवसांत सगळं बिघडवलं ते एका भेटवस्तूने. निवृत्त होताना एका साहेबांनी काकांना आपली रॅकेट दिली. परदेशी, काळी आणि चकचकीत. हातात घेतली तर वजनच लागेना. काकांनी जुनी जड रॅकेट पेटीत टाकली आणि साहेबाच्या आठवणीने ही वापरू लागले. पण तिच्यातून बॉल गोफणीतून सुटावा तसा सुटे. फोरहँडवर टाकलेला बॉल मागच्या रेघेच्या पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन पडे. पुढच्या साहेबांना वाटे, हा मुद्दाम जोर दाखवतो. एका सकाळी तसाच सुटलेला बॉल साहेबांच्या चष्म्यावर बसला. काच फुटली नाही, दांडी वाकली. दुसऱ्या दिवसापासून साहेब कोर्टवर आले नाहीत आणि काही महिन्यांनी बदलून गेले. काकांनी मानलं की आपली बदलीही त्याच चष्म्याबरोबर गेली. शिवाय त्यांचं कोपर दुखू लागलं होतं. संध्याकाळी काकू झोपल्या झोपल्या, डायलिसिसच्या सुया टोचून काळ्या पडलेल्या हाताने, त्यांच्या कोपराला तेल लावत.

काकू मशीनवर असत तेव्हा काकांना दवाखान्याच्या बोळात बसवत नसे. बाहेर पडून ते बाजारात फिरत. मिरचीच्या दिवसांत नंदुरबारच्या हवेत एक लाल खाज असते. नाकाला रुमाल लावून ते एकदा एका गादीच्या दुकानापुढे थांबले. दुकानात कापसाचा ढीग होता आणि पुढे, फळीवर, रॅकेटच्या तारा विणायचं, म्हणजे गटिंगचं, यंत्र. दुकान सलाउद्दीन मन्सुरी यांचं. त्यांचे वडील खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार कापूस पिंजायला जात. त्या धनुष्यासारख्या पिंजणीला जनावराच्या आतड्याची तात ताणलेली असे. कापूस पिंजायची मशीन आली, पिंजण भिंतीवर गेली. मग जवळच बॅडमिंटनचा हॉल झाला तेव्हा सलाउद्दीन यांनी रॅकेट विणायला घेतल्या. "तात म्हना का गट म्हना," ते म्हणत, "तानानंच शे."

काकांनी पुढच्या वेळी आपली काळी रॅकेट नेऊन त्यांच्यापुढे ठेवली.

सलाउद्दीन यांनी ती उलटसुलट केली, तळहाताने तारांवर थापटी मारली, चौकट दोन्ही हातांनी वाकवून बघितली. वाकली नाही.

"भाऊ, हाई रॅकेट तुन्ही नही. हाई रिटायर मानूसनी शे."

"मंग मी काय जवान शे?"

"जवान नही. पन रिटायर बी नही. फरक शे ना." त्यांनी रॅकेटचं तोंड काकांपुढे धरलं. "देख, तोंड कितलं मोठं शे. चौकट जाडी, कडक. बॉल कोठेबी लागो, हाई फेकी देस. ज्याना हात आते फिरत नही, त्याले चांगली. जराखी हलाडी का बॉल पलीकडे. तुन्हा हात कसा येस? लांबथून, मोठा. तू बी फेकस, हाई बी फेकस. मंग बॉल प्रकाशा गावले जाई पडीन, नही तं काय?"

काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण घरी येऊन हे वाक्य त्यांनी काकूंना जसंच्या तसं सांगितलं आणि भिंतीपलीकडे आम्हीही ते ऐकलं.

त्यानंतर ते डायलिसिसचे तास तिथेच घालवू लागले. कापसाच्या ढिगाला टेकून बसायचं आणि आलेल्या रॅकेट हातात घेऊन बघायच्या. हळूहळू त्यांना कळत गेलं की जोर देणारी रॅकेट वेगळी आणि ताबा देणारी वेगळी. ताब्याच्या रॅकेटचं तोंड लहान. तिची चौकट पातळ आणि थोडी लवणारी. बॉल लागला की ती क्षणभर मागे जाते, बॉल तारांवर एक निमिष जास्त थांबतो आणि तेवढ्यात हाताला कळतं की तो कुठे निघालाय. वजन डोक्याकडे नाही, मुठीकडे. बोटावर तोलून धरली तर मूठ खाली जाते. आणि विणकाम दाट. मोठ्या तोंडाच्या रॅकेटमध्ये तारा विरळ असतात, चौकोन मोठे, बॉल त्यात रुततो आणि उसळतो. ताब्याच्या रॅकेटचे चौकोन बारीक. सलाउद्दीन म्हणत, विरळ विणलेल्या खाटेवर पोरगं उड्या मारतं, दाट विणलेल्या खाटेवर माणूस झोपतो.

"पन एक सांगस," त्यांनी आधीच बजावलं, "हाई सोतानं काही देनार नही तुले. जितला जोर तू लावशी, तितलाच बॉलले भेटीन. सगळं तुन्हा हातथूनच जाई."

"तेच पायजे," काका म्हणाले. "बॉल मी सांगस तठे पडाले पायजे."

"कोन संगे खेळस तू? कोनले हाराडानं शे इतलं?"

काकांनी उगाच कापसाचा एक पुंजका उचलला, ठेवला. मग सांगून टाकलं. सलाउद्दीन ऐकत राहिले आणि मागे वळून आपल्या मुलाला, अरबाजला, मोठ्याने म्हणाले, "ऐकं का रे? सगळं गाव जिकाले रॅकेट लेस. हाऊ पहिला गिऱ्हाईक शे, जो हाराले ली ऱ्हायना!"

त्यांच्याकडे एक रॅकेट पडून होती. कुणा डॉक्टरच्या मुलाची. तो पुण्याला गेला आणि न्यायला आलाच नाही, वर्षं झाली. त्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, असू द्या तुमच्याकडेच. लहान तोंड, पातळ चौकट, रंग उडालेला. काळी रॅकेट ठेवून घेऊन सलाउद्दीन यांनी ती दिली. पण पहिल्यांदा तिला विणताना त्यांनी एक चूक केली, जी त्यांच्याच घराण्यातला माणूस करू शकला असता. तार घट्ट ताणली तर ताबा वाढतो, हे खरं. पण त्यांनी ती पिंजणीच्या तातीसारखी ताणली, बोट लावलं तर टणत्कार होईल अशी. वडील सांगून गेले होते, ढिल्या तातीचा पिंजारी आणि ढिल्या तोंडाचा माणूस सारखाच. त्या रॅकेटने काका तीन दिवस खेळले आणि चौथ्या दिवशी त्यांना चहाची बशी उचलता येईना. बॉल जिथे हवा तिथे पडत होता, पण त्याचा प्रत्येक दणका सरळ हाडात येत होता.

"मन्हा बापनी सवय," सलाउद्दीन ओशाळून म्हणाले. "कापूसले कोपर नही ऱ्हास ना." त्यांनी ती कडक तार काढली, अनेक बारीक धागे एकत्र पिळलेली मऊ तार घेतली आणि जरा सैल विणली. अगदी ढिली त्यांच्याने करवली नाही. त्यानंतर कोपर हळूहळू गप्प झालं. रॅकेट जड होती, तरी हाताला हलकी वाटू लागली, कारण दणका आता तीच पिऊन घेत होती.

सातपुड्यातल्या काठी गावची होळी झाली त्या आठवड्यात नव्या अधिकारी रुजू झाल्या. सोनम मॅडम. वय तिशीच्या आत, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेल्या. पहिल्याच सकाळी कोर्टवर येऊन त्यांनी केर काढत असलेल्या काकांना विचारलं, "काका, इथे कोण खेळतं?"

"मी, मॅडम," काका म्हणाले आणि झाडू कुंपणाला टेकवून ठेवला.

आई आणि मी सकाळी त्या बाजूने फिरायला जायचो. कुंपणाच्या तारेतून सगळं दिसे. मॅडम पांढरी टोपी घालून पलीकडे, काका अलीकडे, आणि बॉल त्यांच्या मधून इतक्या शांतपणे ये-जा करी की बघताना झोप येई. काकांना नवी रॅकेट आता पूर्ण कळली होती. मॅडम कुठेही उभ्या राहोत, बॉल त्यांच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर जाऊन पोचे. सहा-चार. सहा-तीन. सहा-चार. काका हरत, हळहळत, "काय मारला, मॅडम!" म्हणत आणि मग जाळीजवळ उभे राहून रुमालाने मान पुसत वाट बघत. पाणी पिताना मॅडम विचारत, तळोद्यात भाजी कुठे चांगली मिळते, वरच्या पाड्यांवर पावसाळ्यात जीप जाते का. घरचं त्यांनी विचारलं नाही. काका घरी येत, तेव्हा काकू चेहऱ्यावरूनच ओळखत आणि भाकरी थापत.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मॅडमनी एक विचित्र गोष्ट केली. सर्व्हिस केली आणि कोर्टच्या पार डाव्या कडेला, रेघेबाहेर, जाऊन उभ्या राहिल्या. सगळं कोर्ट मोकळं पडलेलं. कुणीही तिकडे मारलं असतं. काकांचा बॉल मॅडमकडे गेला, त्यांच्या उजव्या हाताला, कमरेइतका. मॅडमनी तो हाताने झेलला. पुढच्या वेळी त्या उजव्या कोपऱ्यात गेल्या. बॉल तिकडेही आला.

त्या जाळीजवळ आल्या.

"काका, तुम्ही मला बॉल टाकताय."

"नाही मॅडम, खेळतोय."

"टाकताय. पहिल्या दिवसापासून." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण उतरलेला होता. "दिवसभर ऑफिसात सगळे मला हेच करतात. जे विचारते त्याला 'हो मॅडम'. निदान इथे तरी कुणी खरं खेळेल असं वाटत होतं. उद्या माझ्याशी एक सेट खरा खेळा. नाहीतर उद्यापासून नका येऊ."

त्या दिवशी डायलिसिसचा वार होता, पण मशीनची पाळी दुपारची मिळाली होती. अर्ध्या रजेवर काका काकूंना घेऊन गेले, आणले. संध्याकाळी काकू ओट्यावरच्या खाटेवर पडल्या होत्या आणि काका खाली बसले होते. आमची आई पलीकडे मिरच्या निवडत होती, म्हणून त्यांचं बोलणं लपलेलं नव्हतं.

"खरं खेळा म्हने."

"मंग खेळा," काकू म्हणाल्या. डोळे मिटलेले.

"आनि जिकी गऊ तं?"

"मन्हासंगे पत्ता खेळतांना तं एक डाव सोडतस नही. तवय नही वाटत काही."

"तुन्हं येगळं शे. आठे जिकी गऊ तं बदली गयी. नही खेळनू तं बी गयी."

काकूंनी डोळे उघडले. "बदली मांगी का तुम्ही तिनापाशी?"

काका रॅकेटच्या तारा चाचपू लागले.

"मांगेलच नही?"

"कोर्टवर कसं मांगानं? ते लोके इचारतस. इचारं म्हंजे सांगतस."

"कोन्ही इचारं आजलोंग?"

काकूंना बोलायला त्रास होत होता. एकेक वाक्य त्या ठेवल्यासारखं ठेवत होत्या. "बॉल टाकी टाकी कोपर फोडी लिन्हं. पन तोंड नही उघाडं. मी मशीनवर पडेल ऱ्हास तवय मले वाटे, तुम्ही सांगेल व्हई. त्या लोके नही म्हनत व्हतीन." त्या कुशीवर वळल्या. रागावल्या नव्हत्या. राग यायलाही जी ताकद लागते, ती त्या दिवशी त्यांच्यात नव्हती.

दुसऱ्या सकाळी आई फिरायला आली नाही, मी एकटीच गेले. कुंपणाजवळ थांबले. काकांनी सर्व्हिस केली, मॅडमनी परत केली आणि काकांचा बॉल सरळ त्यांच्या फोरहँडवर गेला. मॅडमनी तो झेलून परत फेकला. "पुन्हा." दुसरा बॉल. फोरहँडवर. "पुन्हा." मी कुंपणाबाहेरून बघत होते आणि मला दिसत होतं की ते मुद्दाम करत नव्हते. त्यांचा हात दुसरं काही करायचं विसरला होता.

पाचव्या की सहाव्या खेपेला ते थांबले. रॅकेट डाव्या हातात धरून उजवा हात पँटला पुसला. मग बॉल आला आणि त्यांनी तो डाव्या कोपऱ्यात, जिथे मॅडम नव्हत्या, तिथे टाकला. रेघेच्या आत, रेघेला चिकटून. बॉल टप्पा घेऊन कुंपणावर आपटला. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. काकाही बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणी तो मारला होता. मग त्यांनी तसाच उजवीकडे मारला. मग जाळीच्या अगदी मागे, हळूच. ती रंग उडालेली रॅकेट जे सांगितलं जाईल तेच करत होती. काकांनी दोन गेम घेतले, एकही बॉल न हळहळता.

आणि मग मॅडम खेळू लागल्या.

आजवर बघितलेल्या मॅडम या नव्हेत हे मला लगेच कळलं. बॉल दिसायच्या आत येत होता. काका एका कोपऱ्यात पोचत, तर तो दुसऱ्या कोपऱ्यात. ताब्याची रॅकेट हाताला जे मिळतं तेवढंच बॉलला देते, आणि चोपन्न वर्षांच्या हातात देण्यासारखं फार उरलं नव्हतं. ते धावले. खरोखर धावले, तोंड उघडं टाकून. सहावा गेम, सातवा गेम. सहा-दोन. मॅडम जिंकल्या.

काका सिमेंटवरच बसले. मॅडम पळत आल्या, पाण्याची बाटली दिली, स्वतःही शेजारी बसल्या.

"सॉरी काका. जास्त झालं का?"

"तुम्ही... इतले दिवस..."

मॅडम हसल्या, जरा लाजूनच. "मी पण हळूच मारत होते. म्हटलं, वयस्कर माणूस आहे, पायबिय मुरगळायचा."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग तेही हसू लागले, पण श्वास नसल्यामुळे त्याचं खोकल्यात रूपांतर झालं. वीस-बावीस वर्षं ते मोठेपणाने हरत आले होते. यापुढचे सगळे साहेब तरुण असणार होते, आणि त्यांच्यापुढे हरायला त्यांना काही करावं लागणार नव्हतं.

मी निघायला वळले होते, तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकला. ते ऑफिसच्या मराठीत सुरू झाले होते. "मॅडम, एक विनंती होती. माझ्या मिसेसची तब्येत..." आणि तिथे अडखळले, आणि मग आपल्या बोलीतच बोलले, भराभर, जसं ओझं उतरवताना माणूस कुठे ठेवतोय ते बघत नाही. "दोन वरीस व्हई गयात, मॅडम. एसटीमा तिले बसवत नही. नंदुरबारले खोली करतस, बदली व्हयनी तं. दुसरं काही नही मांगत."

मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बदली माझ्या हातात नाही, काका. खोटं कशाला सांगू. प्रतिनियुक्तीवर पाठवता येईल का बघते. तीही थोड्या महिन्यांची असते, वाढवावी लागते." मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?"

काका रॅकेटच्या मुठीवरची पट्टी उगाच घट्ट करत राहिले. "मले वाटे, तुम्ही इचारशात."

त्यानंतरही ते खेळायला जात. खरं खेळत आणि रोज हरत. कधी सहा-एक, एकदा सहा-चार. पूर्वी हरून आले की ते आंघोळ करून तडक ऑफिसला जात. आता हरून आले की भिंतीला पाठ टेकून बराच वेळ बसून राहत. आई म्हणायची, खेळ सोडा आता. ते म्हणत, "सोडसू, सोडसू." मॅडमनी कागद वर पाठवला होता. तो कुठे आहे हे विचारायला काका जात नसत, मॅडमच येता-जाता सांगत: अजून नाही. पाऊस आला. तापीला पूर आला त्या आठवड्यात एसटी पुलाच्या अलीकडेच थांबली, आणि काकूंचा एक वार चुकला. पाय सुजले, श्वास लागला, दोन दिवसांनी जीप करून त्यांना नेलं. त्या वेळी काकांनी रॅकेट हातात घेतली नाही, आणि मॅडमही कोर्टवर गेल्या नाहीत.

पोळ्यानंतर आदेश आला. सहा महिन्यांसाठी, पुढे वाढवता येईल अशा अटीवर. काकांनी तो आमच्या वडिलांना वाचायला दिला, परत घेतला आणि खिशात घातला. आनंद झाला असेलच, पण तो चेहऱ्यावर यायला त्यांना वेळ लागला, आणि आला तेव्हा तो थकव्यापेक्षा फारसा वेगळा दिसला नाही. सलाउद्दीन यांनीच दवाखान्याजवळ खोली बघून ठेवली होती. आता रिकामा वेळ दुकानावर घालव, गटिंग शिकवतो, म्हणाले होते. पण तुझी तात मी तपासणार.

निघायच्या दिवशी टेम्पो दारात लागला. सामान फार नव्हतंच. गाद्या, भांडी, देवांची पाटी, आणि गाद्यांच्या मधे, वाकू नये म्हणून चादरीत गुंडाळलेली रॅकेट. मॅडम ऑफिसला जाता जाता गाडी थांबवून उतरल्या. "तिकडे कोर्ट आहे, काका. खेळाल ना?" काका म्हणाले, "बघू, मॅडम." मॅडमनी आशाकाकूंचा हात हातात घेतला, उलटा करून मनगटावरच्या, सुयांनी सुजलेल्या शिरेकडे बघितलं आणि हळूच सोडला. काकू त्यांना म्हणाल्या, "यास्नी तुमले लई दमाडं ना?" मॅडमना ते पूर्ण कळलं नसावं, त्या नुसत्या हसल्या.

काकू टेम्पोत चढताना दोनदा थांबल्या. आईने मागून आधार दिला. ड्रायव्हरशेजारी दोघांपुरती जागा होती. काका दोरी ओढून बघून, आमच्या वडिलांना हात जोडून, आले, आणि चढण्यापूर्वी आत वाकून म्हणाले,

"आशा, तू खिडकीकडे सरक. तुले गाडी लागस."